नळ्याच्या बायकोची सवत

नळ्याला आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलंसं नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे, त्यामुळे अजून नव्यासारखं होतं. प्लंबिंगच्या कामात हात घातल्यापासून तो नळ्या. त्याचा जोडीदार वायरमन, म्हणून तो शॉक्या. एकाकडे पाणी, दुसऱ्याकडे वीज. या दोन गोष्टी एकत्र आल्या तर माणूस दगावतो. ही दोन माणसं एकत्र आली आणि निम्म्या गावाची न्हाणीघरं उभी राहिली.

कामाची त्यांची रीत ठरलेली होती. भिंत फोडण्याआधी शॉक्या खडूनं आपल्या वायरची रेघ ओढणार, नळ्या आपल्या पाइपची, आणि दोन्ही रेघा जिथं एकमेकींच्या अंगावर येतील तिथं दोघं उभे राहून भांडणार. भांडण मिटलं की मगच छिन्नी. त्यामुळे प्लास्टरच्या आत कुणाचं काय कुठून गेलंय, हे दोघांनाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. शॉक्या शिडीवर चढला की नळ्यानं शिडी धरायची. दोन्ही हात दांड्यांना, एक पाय खालच्या पायरीवर, आणि तोंड चालू. शिडी धरणाऱ्याच्या डोक्याला दुसरं काम नसतं. नळ्याची जगाबद्दलची बहुतेक मतं शिडी धरतानाच पक्की झालेली होती.

दुपारी डबे अदलाबदल करून खायचे. नळ्याच्या बायकोच्या हातचं शॉक्या खायचा, शॉक्याच्या डब्यातलं नळ्या. “तुझ्या हाताला चव आहे रे,” नळ्या बोटं चाटत म्हणायचा. “असं?” म्हणून शॉक्या पाणी प्यायचा. संध्याकाळी शॉक्याच्या स्कूटरवर नळ्या मागे बसून घरी यायचा. स्कूटरचा आवाज ऐकला की नळ्याची बायको आतूनच विचारायची, “आली का हो माझी सवत सोडायला?” आणि शॉक्या दारातून उत्तर द्यायचा, “आली, वहिनी. आजच्यापुरता तुमचा तुम्हाला घ्या.” या विनोदाला इतकी वर्षं झाली होती की त्याला गंज चढायला हवा होता. पण त्यावर दरवेळी सगळ्यात मोठ्यानं हसायचा तो नळ्या.

आता नळ्याच्या मतांविषयी. त्याचं एक आवडतं मत असं, की जगात काही लोक ‘तसले’ असतात. तसले म्हणजे कसले, असं कुणी विचारलंच तर तो एक भुवई वर करायचा. म्हणजे ज्या पुरुषांना पुरुष आवडतात आणि ज्या बायकांना बायका, ते. असं एकही माणूस आपल्या ओळखीत नाही, असं तो सांगायचा, आणि लगेच पुढं, की असं माणूस आपण बघताक्षणी ओळखतो. ओळखीत एकही नसताना ओळखायचं कसं, ही अडचण त्याला कधी जाणवली नाही. 

ओळखलेल्यांची संख्या मात्र मोठी होती. औषधाच्या दुकानातला हळू बोलणारा माणूस त्यानं ओळखला. त्याच्या दोन बायका एके दिवशी एकाच वेळी दुकानात आल्या आणि प्रकरण चौकीपर्यंत गेलं. गुलाबी शर्टवाला बँकेतला साहेब त्यानं ओळखला. तो शर्ट साहेबांच्या सासूनं दिलेला होता आणि साहेब तो जिवावर आल्यासारखा घालायचे. शाळेतला नाचाचा मास्तर ओळखला. मास्तर शाळेच्या बाईंना घेऊन पळाला. एवढं होऊनही नळ्याचा विश्वास ढळला नाही. “वरून दाखवतात तसं,” तो म्हणायचा.

“बरं,” शिडीवरून शॉक्या म्हणायचा. “टेस्टर दे.”

एकदा नळ्यानं त्याला शास्त्रही समजावून सांगितलं होतं. “हे बघ, आमच्या धंद्यात सरळ असतं. एकाला बाहेरून आटे, एकाला आतून. नर आणि मादी. नर मादीत बसला तर पाणी चालतं. निसर्गाचा नियम आहे.”

शॉक्या होल्डर पिळत होता. तो म्हणाला, “पण नळ्या, तू पाइपाला पाइप जोडतोस, तेव्हा दोघांना बाहेरूनच आटे असतात की.”

“तिथं मध्ये सॉकेट असतो, दोन्हीकडून आतून आटे असलेला.”

“मग त्यांच्यातही असेल काहीतरी मध्ये,” शॉक्या म्हणाला. “बटण दाब.”

नळ्यानं बटण दाबलं. दिवा लागला. शास्त्र तिथंच राहिलं.

गोष्टीला खरं तोंड फुटलं ते एका गुडघ्यापासून. शॉक्याच्या घरी एक भाडेकरू राहायचा. मुख्य रस्त्यावर त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गावातले निम्मे डोळे त्याच्या हाताखालून जायचे. नळ्याचाही चष्मा त्याचाच. नंबर काढताना चष्मेवाल्यानं त्याच्याकडून भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतली, मग हातात बारीक अक्षरांचा एक छोटा कागद दिला आणि म्हणाला, “लांबचं उत्तम आहे तुमचं. जवळचं दिसत नाही.” नळ्यानं ते फक्त डोळ्यांबद्दल धरलं. या चष्मेवाल्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशननंतर उकिडवं बसता येणार नव्हतं. म्हणून शॉक्यानं नळ्याला घरी कमोड बसवायला बोलावलं. इतक्या वर्षांत नळ्या त्या घराच्या दारापर्यंत शेकडो वेळा गेला होता. दाराच्या आत पहिल्यांदाच.

घर दोन खोल्यांचं. एका खोलीत जमिनीपासून छतापर्यंत वायरची भेंडोळी, पंख्यांची पाती आणि जुने मीटर. तिथं मांजरालाही आडवं होता आलं नसतं. दुसऱ्या खोलीत एक पलंग. नळ्यानं हे पाहिलं, पण नुसतंच पाहिलं. न्हाणीघरात एका पेल्यात दोन ब्रश, एक साबण, आणि एकाच खुंटीवर दोन टॉवेल होते. तेही पाहिलं. प्लंबरला लोकांच्या न्हाणीघरातलं सगळं दिसतं, आणि त्यातलं काही न बघण्याची सवयही लागते.

जुनं भांडं उखडून झालं. नळ्या आटे साफ करत असताना शॉक्या उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, “लॉजचं काम मला महिनाभर सकाळचं जमणार नाही. दुपारनंतर येईन.”

लॉजचं काम म्हणजे दोघांच्या हातात आलेलं सगळ्यात मोठं काम होतं. मजल्यावर मजले आणि खोलीगणिक न्हाणीघर.

“का?”

“ह्याला उठवायचं, चालवायचं, आंघोळ घालायची.”

“भाडेकरूला?”

“हं.”

“त्याला नातेवाईक नाहीत?”

“मी आहे की.”

“तू घरमालक आहेस.”

“भाडं घेत नाही मी, नळ्या.”

“थकलंय?”

“नाही.”

“मग सोडतोस कशाला? तुझ्या अशा स्वभावामुळेच तुझं लग्न...” इथं नळ्याचा पाना हातात तसाच राहिला. त्यानं पेल्यातल्या ब्रशांकडे पाहिलं, मग उघड्या दारातून दिसणाऱ्या पलंगाकडे. मग पुन्हा ब्रशांकडे. पाणी टाकीत चढायला वेळ घेतं, तसं ते त्याच्या डोक्यात चढलं.

“तुला सांगायचं केव्हापासून होतं,” शॉक्या म्हणाला. “पण तू दरवेळी औषधवाल्याचं काढायचास.”

नळ्या बराच वेळ आट्यांना सफेदा लावत राहिला, लावायची गरज नव्हती तिथंही. शेवटी भांड्याकडे बघत म्हणाला, “म्हणजे इतकी वर्षं आपण... स्कूटरवर वगैरे... तुला कधी माझ्याबद्दल...”

“काय?”

“काही वाटलं का?”

शॉक्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. बनियन, पोट, कानामागची पेन्सिल, सगळं. “नाही,” तो म्हणाला.

“एकदाही नाही?”

“नळ्या, तू नखातला सफेदा न काढता जेवतोस.”

नळ्याला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण हायसं वाटण्याच्या आत कुठंतरी एक बारीक अपमान टोचत राहिला, आणि त्याची तक्रार कुणाकडे करायची ते कळेना. कमोड त्यानं घाईघाईनं बसवला, पाणी सोडून पाहिलं न पाहिलं, आणि निघाला. शॉक्या म्हणाला, “सोडतो स्कूटरवर.” नळ्या म्हणाला, “चालायला सांगितलंय मला.” कुणी सांगितलंय, ते नाही सांगितलं.

पुढचे दिवस नळ्यानं मागचा हिशेब तपासण्यात घालवले. लॉजच्या गच्चीवर पाण्याच्या रिकाम्या टाकीत उतरून तो एकटाच बसायचा आणि आठवायचा. शिडी नव्हती तेव्हा दुसऱ्याच्या खांद्यावर कोण उभं राहिलं होतं? नळ्या. स्कूटरवर मागे बसून कमरेला कोण धरायचं? नळ्या. “तुझ्या हाताला चव आहे,” कोण म्हणायचं? पुन्हा नळ्या. पुरावा जसजसा गोळा होत गेला तसतसा आरोपी बदलत गेला, आणि टाकीत बसलेल्या न्यायाधीशाला घाम फुटला. शॉक्या कसा आहे, ही त्याची काळजी नव्हतीच. इतकी वर्षं जोडी-जोडी म्हणून हसणारे लोक आता आपल्याला काय म्हणतील, ही होती.

त्यानं उपाय सुरू केले. डबा स्वतःचा स्वतः खाऊ लागला. शॉक्या शिडीवर चढला की तो हात लांब करून, परक्याचं ओलं लेकरू धरावं तशी शिडी धरायचा.

“धरलीस?” वरून शॉक्या.

“धरली.”

“मग ही हलते कशानं?”

“वारा आहे.”

खोलीला एकही खिडकी नव्हती, एवढं एक सोडलं तर उत्तर ठीक होतं. पण त्या दिवसापासून वर चढण्याआधी शॉक्या शिडी दोरीनं खुंटीला बांधू लागला.

आणि मग नळ्या सॉकेट आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेला. हे दुकान म्हणजे गावाचं तोंड. चार टाळकी कायम काउंटरला टेकलेली. हार्डवेअरवाला खिळे मोजत होता. नळ्याला एकटा पाहून त्यानं रोजचीच थट्टा रोजच्याच आवाजात केली, “आज नवरा एकटाच? बायको रुसली वाटतं.”

या थट्टेवर नळ्या वर्षानुवर्षं हसत आला होता. आज त्याला तिचा अर्थ लागला. “ही मस्करी बंद,” तो म्हणाला. “मी तसला नाही. तो आहे. चष्मेवाल्याबरोबर राहतो. भाडेकरू नाहीय तो. माझा काही संबंध नाही.”

दुकानात शांतता झाली. नवल कुणालाच वाटलं नव्हतं, म्हणूनच ती शांतता. चौघांनाही ते केव्हापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि चारचौघांत बोललं जाणं वेगळं. ठाऊक असलेल्या गोष्टीचं कुणाला काही करावं लागत नाही. बोलली गेली की प्रत्येकाला चेहरा करावा लागतो. चौघांनी चेहरे केले. हार्डवेअरवाल्यानं खिळे पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

“असं,” तो म्हणाला. “माझं काही नाही म्हणा.”

नळ्या हलका होऊन घरी गेला. त्या संध्याकाळी बायकोनं विचारलं, “सवत कुठे माझी? बऱ्याच दिवसांत स्कूटर वाजली नाही.”

“तो शब्द नको वापरूस.”

“का? इतकी वर्षं वापरतेय.”

“आता नको.”

बायको धुतलेले कपडे घडी करत होती. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि घडी पुरी केली. “म्हणजे कळलं वाटतं तुम्हाला,” ती म्हणाली.

नळ्या खुर्चीत बसला. “तुला कधी कळलं?”

“चष्म्याचा नंबर काढायला गेले होते तेव्हा. काउंटरवर डबा होता. डब्यावर झाकण होतं वायरमनभावजींच्या डब्याचं, ते चेपलेलं. आणि त्या संध्याकाळी स्कूटरला लटकलेल्या भावजींच्या डब्याला होतं कोरं झाकण. एका घरात एकानं घाईत दोन डबे भरले की असं होतं.”

“दोन डबे? भरतो कोण?”

“चष्मेवाले. तुम्ही एवढी बोटं चाटता ती कुणाच्या हातची, असं वाटलं तुम्हाला? भावजींना चहा धड येत नाही.”

नळ्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं. “आणि तरी तू सवत म्हणत राहिलीस.”

“म्हणून तर म्हणत राहिले. घरात येणाऱ्या माणसाला आपण हसून काहीतरी म्हणावं. त्यालाही बरं वाटतं, लोकांचीही तोंडं तेवढ्यावर भागतात.” कपड्यांचा गठ्ठा उचलून ती जाता जाता म्हणाली, “गावात न कळलेले तुम्ही एकटेच होतात. तुम्ही औषधवाल्याकडे बघत होतात ना.”

दुकानात आपण काय बोलून आलो, हे सांगायला नळ्याचं त्या वेळी तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी लॉजच्या मालकानं त्याला बाजूला घेतलं. “वायरिंगला दुसरा माणूस बघ. त्याला नको आणूस.”

“का, काय झालं?”

“माझं काही नाही, पण उद्या गिऱ्हाइकं यायची. तू समजून घे.”

नळ्यानं समजून घेतलं. दुसरा वायरमन आला. लग्न झालेला, वेळेवर येणारा, सुपारीचंही व्यसन नसलेला. नळ्याला भरून आलं. नव्या माणसानं खडूची रेघ ओढली नाही, भांडणही केलं नाही. थेट ड्रिल लावलं, गीझरच्या बटणासाठी, आणि ते नळ्याच्या पाइपातून आरपार गेलं. भिंतीतून कारंजं उडालं. नव्या टाइल्स, नवी गादी आणि खाली उभे असलेले लॉजमालक एकाच वेळी भिजले.

“इथं पाइप आहे हे मला काय माहीत,” नवा माणूस म्हणाला.

“कसा माहीत असेल,” नळ्या म्हणाला. त्याला राग आला नाही. शॉक्याला माहीत होतं. त्या जागेवरून दोघं अर्धी सकाळ भांडले होते.

आता प्लंबर कसाही असो, धंदा त्याला एक गोष्ट शिकवतो: पाणी टपकतं तिथं गळती नसते. ती वर कुठंतरी असते. टपकणाऱ्या जागेपासून हात फिरवत मागं जावं लागतं. नळ्या मागं निघाला.

त्यानं ओल्या मालकाला विचारलं, “शॉक्याचं तुम्हाला कोण म्हणालं?”

“माझं काही नाही. आमची ही म्हणाली, लोक नावं ठेवतील.”

मालकीणबाई खाली मजुरांचा हिशेब करत होत्या. “माझं काही नाही हो,” त्या म्हणाल्या. “मला तर केव्हाचं माहीत होतं. दोघं चांगले आहेत. माझ्या आईचा चष्मा त्यांनी घरी येऊन बसवून दिला. पण हार्डवेअरच्या दुकानात उघड बोलणं झालं म्हणतात. मग आपल्यालाही काहीतरी करायला नको का?”

नळ्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. तिथं नेमकं गिऱ्हाईक नव्हतं. “शॉक्याबद्दल उघड बोललं कोण?” त्यानं विचारलं.

हार्डवेअरवाल्यानं चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. त्याचाही चष्मा शॉक्याच्याच घरून आलेला. “माझं काही नाही,” तो म्हणाला, “पण तूच की रे. इथंच उभा होतास.”

तिघांचंही काही नव्हतं. तिघांनाही भीती होती ती लोकांची. आणि लोक शोधत शोधत नळ्या जिथं पोचला, तिथं तो स्वतः उभा होता.

त्या दिवशी तो चालत शॉक्याच्या दारी गेला. दार शॉक्यानं उघडलं. हातात टॉवेल.

“गळती सापडली,” नळ्या म्हणाला.

“कुठे?”

“माझ्याच तोंडाला.”

शॉक्या टॉवेलाला हात पुसत राहिला. “वायसर बदलून घे,” तो म्हणाला. पण दारातून बाजूला झाला नाही.

आतून चष्मेवाल्याचा आवाज आला, “तो आलाच असेल तर त्याला सांग, कमोड डुगडुगतोय. परवा मी पडता पडता राहिलो.”

म्हणून नळ्याला आत घेतलं गेलं. तो गुडघे टेकून बसला. त्या दिवशी पळायच्या घाईत एक स्क्रू त्यानं बसवलाच नव्हता. आजवर त्याच्या हातून असं झालं नव्हतं, आणि ते झालं होतं नेमकं गुडघा कापलेल्या माणसाच्या घरी. त्यानं भांडं पुन्हा सोडवलं, तळ साफ केला, नीट बसवलं. मग बसून पाहायला माणूस हवा, म्हणून चष्मेवाल्याला वॉकर धरून आणलं. दारात वॉकर अडकला. शॉक्या तो सोडवेपर्यंत चष्मेवाल्यानं आपला सगळा भार नळ्याच्या खांद्यावर टाकला. नळ्या हलला नाही. माणूस जड होता, आणि त्याला साबणाचा वास येत होता. एवढंच. नळ्याला आश्चर्य वाटलं ते या ‘एवढंच’चं.

“आता बसलाय पक्का,” चष्मेवाला म्हणाला.

“माझी चूक झाली,” नळ्या म्हणाला.

“कमोडची की दुसरी?”

“दोन्ही.”

“कमोडची मिटली.” चष्मेवाला खांद्यावर हात ठेवूनच बोलत होता, त्यामुळे नळ्याला दूर होता येईना. “दुसरीचं असं आहे, तुम्ही बोललात चारचौघांत, आणि माफी मागताय न्हाणीघरात. इथं आहे कोण? आम्ही दोघं. आम्हाला आमचं आधीपासून माहीत आहे.”

नळ्यानं पाना पिशवीत टाकला. शॉक्या दारापर्यंत आला, पण स्कूटरचं नाव काढलं नाही.

आता हे करायचं कसं, हा प्रश्न नळ्याला दुकानापर्यंत पुरला. त्याला भाषण येत नव्हतं. आणि एक भीती अजून तशीच होती. शॉक्याच्या बाजूनं बोलायचं म्हणजे उद्यापासून आपणही त्यातलेच. आजवर ज्यांना ज्यांना त्यानं ओळखलं होतं ते सगळे त्याला आठवले. औषधवाला, बँकवाला, मास्तर. त्यांना नळ्यानं कधी विचारलंही नव्हतं.

दुकानात चौघेही होते. पाचवे लॉजमालक होते, नव्या पाइपाचा भाव विचारत. हे बरंच झालं.

“उद्यापासून लॉजचं पाणी बंद,” नळ्या म्हणाला. “वायरिंग शॉक्या करणार असेल तर मी करतो. नाहीतर दोन्हीकडे दुसरे बघा.”

“अरे, माझं काही नाही,” लॉजमालक म्हणाले, “पण लोक...”

“लोकांकडे जाऊन आलो मी. लोक म्हणजे मीच निघालो. त्या दिवशी इथं मी बोललो ते मला बोलायचं काही कारण नव्हतं. तो कुणाबरोबर राहतो ते त्याचं घर आहे. आम्ही जोडीनं काम करतो.”

हार्डवेअरवाल्यानं खिळ्यांचं पारडं खाली ठेवलं. “म्हणजे तूही...?” त्यानं एक भुवई वर केली. अगदी नळ्यासारखी.

ही भुवई समोरून कशी दिसते ते नळ्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. नाही म्हणणं खरंही होतं. पण नाही म्हटलं की ते पुन्हा त्याच खिळ्यांच्या पारड्यात जाऊन पडणार होतं, ‘मी नाही, तो आहे’ म्हणून.

“अर्धा इंची सॉकेट दे,” तो म्हणाला. “दोन्हीकडून आतून आटेवाला.”

लॉजमालकांनी दोन दिवस ताणलं. मग वरच्या मजल्यावर पाणी चढेना, आणि नवा वायरमन भिंतीला हात लावायला घाबरू लागला, तेव्हा त्यांनी शॉक्याला निरोप धाडला, की आपलं तर कधीच काही नव्हतं. शॉक्या दुपारनंतर येऊ लागला. डबा मात्र आणला नाही. नळ्यानं पहिल्या दिवशी आपला डबा उघडून मध्ये ठेवला, दुसऱ्या दिवशीही ठेवला. शॉक्यानं कधी खाल्लं, कधी भूक नाही म्हणाला. चष्मेवाला दुकानात परत बसायला लागला, तेव्हा नळ्या चष्म्याची काडी सरळ करायला गेला. चष्मेवाल्यानं ती नीट केली, काच पुसून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. सगळ्याच गोष्टींना वायसर मिळत नाही.

गावानं नळ्याची जागा ठरवायला वेळ लावला नाही. हार्डवेअरवाला सांगू लागला, की आपण तर नळ्याला केव्हाच ओळखलं होतं, नुसत्या चालीवरून. ही बातमी नळ्याच्या बायकोला भाजी घेताना कळली. “चालीवरून?” ती म्हणाली. “अहो, त्यांच्या टाचेला भोवरी आहे.” घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, “आता माझी पंचाईत झाली. आजवर सवत एक होती. आता नवराही गेला.”

दुसऱ्या दिवशी लॉजच्या सगळ्यात वरच्या खोलीत पंखा लावायचा होता. शॉक्यानं सवयीनं दोरी काढली आणि शिडी खुंटीला बांधायला लागला. नळ्यानं त्याच्या हातातली दोरी घेतली, गुंडाळून खिशात टाकली, आणि शिडी धरली. दोन्ही हात दांड्यांना, एक पाय खालच्या पायरीवर. शॉक्या एक पायरी चढून थांबला, जरा हलवून पाहिलं, आणि वर गेला.

वरून पक्कडीचा आवाज येऊ लागला.

“हार्डवेअरवाला म्हणतो, मी पण त्यातलाच,” नळ्या खालून म्हणाला.

“ऐकलं मी. चालीवरून.”

“हं.”

“मग? तुझं काय म्हणणं?”

“माझं काही नाही,” नळ्या म्हणाला.

शॉक्या वर थांबून राहिला. “पण?” त्यानं विचारलं.

“पण काय? टेस्टर हवाय का तुला?”

“दे,” शॉक्या म्हणाला आणि न बघता हात खाली केला.